पाचशे कार्डं आणि एक बोट कुंकू

"एका महिन्यात देवास ते धार रस्त्यावर एक खिसा असा उरणार नाही, ज्यात माझं कार्ड नसेल!"

योगेंद्र भापकरने हे वाक्य सोमवारी सकाळी साडेआठ वाजता, हातात पोह्यांची बशी घेऊन, बायकोला ऐकवलं. रुची शाळेत शिकवायला निघाली होती. तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "आणि ज्यांना खिसेच नसतात? आमच्या शाळेत निम्म्या बायका साड्या नेसून येतात."

"त्यांच्या पर्समध्ये! रुची, हल्ली माणूस काम करतो म्हणून त्याला कोणी ओळखत नाही. माणसाचा ब्रँड लागतो. आणि ब्रँडचं पहिलं पाऊल म्हणजे व्हिजिटिंग कार्ड."

"हे कोणी सांगितलं?"

"व्हिडिओ पाहिला."

"पूर्ण?"

योगेंद्रने पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. देवासच्या एका कारखान्यात सोळा वर्षं त्याने यंत्रं सांभाळली. ती शाखा बंद झाल्यावर त्याने वजनकाटे दुरुस्तीचा परवाना काढला आणि टेकडीखालच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. किराण्याचा काटा असो, सराफाचा असो की प्रयोगशाळेतला, योगेंद्रच्या हातून गेला की कानाला खडा लावून खरं बोलायचा. फक्त हे योगेंद्र सोडून फारसं कुणाला माहीत नव्हतं.

रुचीच्या भावाने गुजरातेत एका कारखान्यात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. योगेंद्रचे वडील मानाजीराव, म्हणजे घरातले नाना, म्हणाले होते, "तुम्ही जा. मी इथेच बरा." एवढंच. त्यानंतर त्यांनी आमटीला नावं ठेवणं बंद केलं, आणि घरातले खरे घाबरले ते तेव्हा.

आता आशा एकच होती. पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यातले बासष्ट काटे वर्षभर सांभाळायचं काम निघालं होतं. तिथल्या क्वालिटीच्या मॅडम पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकरा वाजता दुकान बघायला येणार होत्या. काम मिळालं तर देवास. नाहीतर गुजरात.

म्हणून कार्ड.

छापखाना अंशुलचा. अंशुलचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, त्यामुळे त्याच्याकडे जे कागद होते ते सगळे नवरा-नवरीसाठी जन्मलेले. त्याने सायीच्या रंगाचा, सोनेरी कडांचा जाड कागद पुढे केला.

"भिया, सीज़न का बचा हुआ माल है. एकदम रॉयल लगेगा!"

"चालेल. आणि मजकूर फक्त एवढाच." योगेंद्रने चिठ्ठी दिली. तिच्यावर होतं: योगेंद्र भापकर, देवास. खाली मोबाइल नंबर.

अंशुलने चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं. "और काम? काम तो लिखवा लो भिया!"

"नाही. मोठे ब्रँड आपण काय करतो ते सांगत बसत नाहीत. बघणाऱ्याला कुतूहल वाटलं पाहिजे."

"भिया, पुलिसवाले को भी वाटेल," अंशुल म्हणाला. पण गिऱ्हाईक देव असतं. त्याने पाचशे कार्डं छापली.

व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, किंचित झुकावं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. योगेंद्रने हा प्रयोग प्रथम कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्यावर केला. तो झुकला, त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. नमकीनवाला दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "भिया, तबीयत ठीक है?" मग त्याने कार्ड घेतलं, त्याची जाडी अंगठ्याने तपासली आणि त्या कार्डानेच परातीतली शेव उपसून पुड्यात भरली. कार्ड वाकलं नाही. अंशुलचा कागद खरंच चांगला होता.

आठवड्यात शंभर कार्डं गेली आणि एक फोन आला. तो चुकीचा नंबर होता.

रविवारी योगेंद्रने उरलेली चारशे कार्डं पिशवीत घातली आणि धारला यमुनाआत्याकडे गेला.

यमुनाबाई म्हणजे मानाजीरावांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट, ओळखी अमझेऱ्यापासून सरदारपूरपर्यंत. भापकरांच्या तीन पिढ्यांतलं एकही लग्न, मुंज किंवा बारसं तिच्या बोलावण्याशिवाय झालं नव्हतं. फोनवरच्या बोलावण्याला ती बोलावणं मानत नसे. "फोनवर गॅसचं सिलिंडर बोलवावं, माणसं नाही," असं तिचं मत. घरोघर स्वतः जायचं, हातात पत्रिका ठेवायची, अक्षता द्यायच्या, दोन शब्द बोलायचे. पन्नास वर्षं तिने हेच केलं होतं, आणि तिने बोलावलेलं माणूस आलं नाही असं एकदाच घडलं. तो गृहस्थ आदल्या दिवशी वारला होता.

आत्याने कार्डाच्या सोनेरी कडेवरून बोट फिरवलं. "छान आहे हो. ही सगळी वाटायची?"

"हो आत्या. जितक्या लोकांपर्यंत पोचतील तितकं बरं. तुझ्याएवढ्या ओळखी कुणाच्या आहेत?"

"दिवस कोणता, बाळा?"

योगेंद्रच्या डोक्यात तेव्हा एकच दिवस होता. "गुरुवार. सकाळी अकराला पीथमपूरच्या मॅडम येणार. सगळं त्या दिवसावर आहे, आत्या. जमलं तर देवासला राहू. नाहीतर नानांना सोडून गुजरात."

आत्याचे डोळे भरून आले. धाकट्या भावाचं घर मोडणार ही बातमी तिला नवी होती. "तू निश्चिंतपणे जा," ती म्हणाली. "बुधवारच्या आत सगळ्यांच्या हातात पडतील."

योगेंद्र निश्चिंतपणे गेला. ही त्याची चूक.

कारण तो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत आत्याने ताट घेतलं, कुंकू कालवलं आणि चारशे कार्डांच्या कोपऱ्यांना एकेक बोट लावायला सुरुवात केली. यात तिचं काहीच चुकलं नाही. तिच्या हयातीत बिनकुंकवाचा छापील कागद दारात आला, तर तो दहाव्या-तेराव्याचाच असायचा. पोराच्या भाग्याचा कागद ती तसा कसा वाटेल? आणि एकदा ताटात कुंकू लागलेला कागद आणि अक्षता आल्या, की पुढचं वाक्य तोंडातून आपोआप निघायचं. पन्नास वर्षांची सवय. तीन दिवसांत चारशे घरं काही झाली नाहीत, पण धार, अमझेरा, सरदारपूर, नालछा, जिथे जिथे ती गेली तिथे तिथे ती उंबऱ्यावर कार्ड हातात ठेवून म्हणाली, "गुरुवारी अकराला, देवासला. सहकुटुंब अगत्य यावं."

कार्य कोणतं ते कुणी विचारलं नाही. यमुनाबाईंसारखं माणूस उन्हातून बोलवायला आलेलं असताना 'कशाला?' असं विचारणं बरं दिसत नाही. ती गेल्यावर लोकांनी कार्ड बघितलं. योगेंद्र भापकर, देवास. मोबाइल नंबर. बाकी कार्ड कोरं.

सोमवारी दुपारी फोन सुरू झाले.

"योगेंद्र? नालछ्याहून हंबीरराव बोलतोय. यमुनाआत्यांनी कार्ड दिलं. फार आनंद झाला! गुरुवारी अकरालाच ना?"

हंबीररावांचं नालछ्यात किराणा दुकान होतं. म्हणजे घरी काटे! योगेंद्रने रुचीकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि त्याच क्षणी त्याला एक कल्पना सुचली. मॅडम दुकानात बसल्या आहेत आणि गिऱ्हाइकं लांबून काटे घेऊन येताहेत! याहून मोठा ब्रँड कोणता?

"अकरालाच या! साहेब लोकांसमोरच या!"

"येताना काय आणू?"

"असेल ते आणा. लहान-मोठं सगळं चालतं. फक्त रिकाम्या हाताने येऊ नका!"

नालछ्यात असं तोंडावर मागायची रीत नव्हती. "...बरं," हंबीरराव म्हणाले. "आमच्याकडून सहा होतात. त्यातले एक फार जुने, ऐंशीच्या पुढचे. त्यांना आणावं की नाही, विचार करतोय."

ऐंशी किलोच्या वरचा काटा! "आणाच! जुने तर आधी आणा. फार हलतात का?"

"हलतात हो. हात लावला की थरथरतात."

"जुने झाले की तसंच. मी बघतो. फक्त रस्त्यात धक्के लागू देऊ नका. गादीत गुंडाळून, आडवे टाकून आणा."

"...आडवे?"

"आडवे. आणि वर दोरी बांधा."

फोन ठेवल्यावर रुचीने विचारलं, "त्यांनी काटा हा शब्द उच्चारला का?"

"धंद्यातली माणसं एवढं फोड करून सांगत नाहीत!"

बुधवारपर्यंत असे अकरा फोन आले. योगेंद्रने अकराही जणांना रिकाम्या हाताने न येण्याची ताकीद दिली. रुचीने मात्र गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी दहा पंचावन्नला शिवानी मॅडम आल्या. तिशीतल्या, उंच, चेहरा कोऱ्या वहीसारखा. त्यांचं घराणं नाशिकचं; वडील पीथमपूरला कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. त्यांनी पर्समधून एक मखमली डबी काढली. आत शंभर ग्रॅमचं, त्यांच्या प्रयोगशाळेतून तपासून आणलेलं वजन होतं.

"तीन वेळा ठेवायचं. तीनही आकडे लिहायचे. मला एक वाजता इंदूरला दुसऱ्या पार्टीकडे पोचायचंय, त्यामुळे आज झालं तर झालं. मी परत येणार नाही."

योगेंद्रने दार लोटलं, पंखा बंद केला. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीतला त्याचा सगळ्यात नाजूक काटा होता. केसाएवढा फरकही तो पकडायचा. चिमट्याने वजन ठेवलं. आकडे सरकले, थांबले: १००.०००.

मॅडमनी मान हलवली. आमटीला नावं न ठेवणारे मानाजीराव आतल्या दारात उभे राहून देवाचं नाव घेत होते.

दुसऱ्यांदा वजन ठेवलं आणि जमीन हादरली.

गल्लीत एक मिनीबस आणि दोन जीपगाड्या शिरल्या. मिनीबसमधून एक्केचाळीस माणसं उतरली, जीपमधून प्रत्येकी अकरा. एकूण त्रेसष्ट. सगळ्यांच्या पुढे, जरीच्या लुगड्यात, यमुनाआत्या.

"योगेंद्रा! दार लावून कसला बसलास? पाहुणे आले!"

दार उघडलं. काट्याचे आकडे भुतासारखे नाचू लागले.

"आत्या, काटे कुठायत?"

"कसले काटे?"

लोक आत आले, मावेनात म्हणून खिडकीत आले. आणि प्रत्येकाने कार्य कोणतं ते आपापल्या बुद्धीने ठरवलेलं होतं! अमझेऱ्याच्या मंडळींनी बारसं समजून झबली-टोपडी आणली होती. सरदारपूरकरांनी वास्तुशांत समजून भिंतीवरचं घड्याळ. कुणी मानाजीरावांची पंचाहत्तरी धरून शाल आणि नारळ आणला होता. मानाजीराव काही कळायच्या आत शाल पांघरून बसलेसुद्धा. रिकाम्या हाताने एकही जण आला नव्हता. एक काकू रुचीच्या कानात हळूच म्हणाल्या, "बाळ झोपलंय का? दाखव तरी!"

"बाळ सातवीत आहे, काकू. शाळेत गेलंय."

शेवटी दुसऱ्या जीपमधून हंबीरराव उतरले. त्यांनी आणि दोघा भावांनी मिळून एक गादी बाहेर काढली. गादीला दोरी बांधलेली होती. दोरी सोडल्यावर आतून त्यांचे सत्त्याऐंशी वर्षांचे वडील निघाले.

"तुम्ही सांगितलं तसंच आणलं," हंबीरराव म्हणाले. "सबंध रस्ताभर रागावले होते, पण धक्का एक लागला नाही!"

योगेंद्रने भिंतीला हात टेकला.

एव्हाना आत्याने शिवानी मॅडमना कुंकू लावलं होतं, हातात नारळ दिला होता आणि "माहेर कुठलं?" इथवर चौकशी नेली होती. मॅडमनी नारळ वजनाच्या डबीशेजारी ठेवला, घड्याळ पाहिलं. अकरा वाजून बावीस मिनिटं.

"मिस्टर भापकर, तुमच्याकडे आज कार्य असेल तर तसं कळवायचं होतं. दोन वेळा ठेवणं राहिलंय. या गर्दीत ते होणार नाही."

त्यांनी डबी उचलायला हात पुढे केला. योगेंद्रला डोळ्यांसमोर गुजरात दिसलं. त्याने आयुष्यात भाषण केलं नव्हतं. तो स्टुलावर चढला.

"मंडळी! कार्य काहीच नाही. माझीच चूक झाली, मी कार्डावर काही लिहिलंच नाही. मी काटे दुरुस्त करतो. मॅडमना माझं काम पसंत पडलं तर मी नानांजवळ राहीन. नाहीतर घराला कुलूप. हा काटा फार नाजूक आहे. चालणं, बोलणं त्याला सोसत नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात. मला फक्त दोन मिनिटं द्या."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. मग आत्याचा आवाज आला. "ऐकलंत ना? जो जिथे आहे तिथेच उभा राहील. कुणी हलायचं नाही. श्वासदेखील बेताने!"

आणि त्रेसष्ट माणसं थांबली! हातातलं घड्याळ हातात, सावरायला घेतलेला पदर हातात, उचललेला पाय उचललेला. सरदारपूरचे एक मामा खाली बसता बसता थांबले आणि तसेच अधांतरी राहिले. एका बाईने शिंक नाकातच दाबली. तिचे डोळे डाळिंबासारखे लाल झाले, पण आवाज आला नाही.

योगेंद्रने वजन ठेवलं. आकडे थांबेनात. शेवटचा आकडा सारखा थरथरत होता. त्याने जमिनीकडे पाहिलं. हंबीररावांच्या वडिलांचा हात कापत होता, आणि त्यांच्या काठीचं टोक फरशीवर टकटकत होतं. हंबीररावांनीही ते पाहिलं. त्यांनी काठी अलगद वर उचलली, आणि वडिलांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर घेतलं. म्हाताऱ्यांनी रागावायला तोंड उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि मिटलं.

आकडा थांबला. मग तिसऱ्यांदा ठेवलं. तोही थांबला.

"हलू?" अधांतरी मामांनी विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता ते कोसळले.

योगेंद्रने कागद लिहिला. पहिल्या वेळी १००.०००. दुसऱ्या वेळी १००.००२. तिसऱ्या वेळी १००.००१. शेवटचे आकडे शून्य लिहिले असते तर मॅडम उभ्या होत्या तिथून ते कळलंही नसतं. पण सोळा वर्षांच्या नोकरीत त्याने दिसलं तेच लिहिलं होतं. खाली शेऱ्याचा रकाना होता. त्यात त्याने नीट अक्षरात लिहिलं: "दुसऱ्या व तिसऱ्या वेळी खोलीत, दारात व खिडकीत मिळून त्रेसष्ट पाहुणे स्तब्ध उभे होते."

मॅडमनी कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. चेहरा तसाच कोरा. त्या निघाल्या तर आत्याने वाट अडवली. "कुंकू लावलेलं माणूस उपाशी जात नाही." रुचीने गल्लीतल्या हलवायाची कढई सकाळीच सांगून ठेवली होती, हे योगेंद्रला तेव्हा कळलं. मॅडमनी उभ्याउभ्या दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि नारळ घेऊन इंदूरला गेल्या.

सोमवारी फोन आला.

"मिस्टर भापकर, इंदूरच्या पार्टीने मला तीनही वेळा १००.००० लिहून दिलं," शिवानी मॅडम म्हणाल्या. "मी काट्याजवळ जायच्या आधीच कागद भरलेला होता. तुमच्या कागदात चूक दिसते, आणि ती का झाली तेही दिसतं. मला असाच माणूस हवाय. बासष्ट काटे. एक तारखेपासून या."

योगेंद्रने हाताशी आलेल्या कागदावर 'बासष्ट' लिहिलं.

"आणि तो शेरा," त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला."

त्या संध्याकाळी मानाजीरावांनी आमटीचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "पाणचट आहे." रुचीने पदराने डोळे पुसले.

आता आभार. योगेंद्रने ठरवलं की फोनवर मानायचे नाहीत. एवढं तो आत्याकडून शिकला होता. दर रविवारी पेढे घेऊन रुचीबरोबर तो एकेका गावाला जाऊ लागला. त्रेसष्ट माणसांनी त्याच्यासाठी श्वास धरला होता. स्वतःच्या पोराच्या परीक्षेतसुद्धा कोणी एवढं करत नाही! प्रत्येकाच्या पाया पडताना त्याला मनापासून भरून यायचं.

आणि घरोघर त्याला एक दृश्य दिसलं. त्याचं कार्ड देव्हाऱ्यात होतं! कुंकू लागलेला कागद टाकायचा कुठे, म्हणून अमझेऱ्यात ते गणपतीला टेकून उभं होतं, सरदारपूरला अन्नपूर्णेच्या मागे. रोज त्याला उदबत्ती ओवाळली जात होती, दिवाणखान्यातून आलेला-गेलेला त्याला नमस्कार करत होता. योगेंद्रची छाती फुगली. "रुची, कोणत्या कंपनीचं कार्ड देव्हाऱ्यात पोचलंय, सांग!"

चौथ्या रविवारी ते नालछ्याला गेले. हंबीररावांच्या देव्हाऱ्यात कार्डाला झेंडूचं फूल वाहिलेलं होतं. योगेंद्रने म्हाताऱ्यांच्या पायांना हात लावला, पेढे दिले, आणि दुकानात डोकावला. गल्ल्याशेजारचा काटा नव्यासारखा चमकत होता.

"काटा झकास ठेवलाय, हंबीरराव!"

"अहो, मागच्या आठवड्यात बंदच पडला होता. धारहून एकाला बोलावलं, त्याने करून दिला."

योगेंद्रच्या हातातला पेढा हातातच राहिला. "अहो, पण... मला फोन करायचा! नंबर तर आहे तुमच्याकडे!"

"आहे ना," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. "पण सकाळच्या ऐन गर्दीत पारोशाने देवातल्या कार्डाला हात कसा लावणार?"

रुचीने तोंडाला पदर लावला. योगेंद्रने पेढा खाली ठेवला आणि त्यानेही आपल्या नंबराला नमस्कार केला.